गोलपोस्टमागची तीन तिकिटं

स्क्रीनवर दोन बटणं होती. एक 'कीप', दुसरं 'रिटर्न'. तिकिटं ठेवा, नाहीतर परत करा. माझ्या टेबलासमोर तीन माणसं मास्क लावून, एकमेकांपासून अंतर ठेवून बसली होती. ऑफिस लहान होतं, त्यामुळे तिसऱ्याची खुर्ची जवळजवळ दाराबाहेर गेली होती. तिघांचं मिळून बटण एकदाच दाबता येणार होतं.

"दाबा मॅडम," दारातले मेश्रामभाऊ म्हणाले. "कीप."

"नका दाबू," बबनराव म्हणाले. "रिटर्न."

ॲन्थनी सर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. ते शाळेत पी.टी. शिकवायचे आणि रविवारी रेफरी असायचे. दोन्ही बाजूंचा आरडाओरडा ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

ईरा आणि नील, माझ्या नातवंडांनो, तुम्ही मला दोनदा विचारलं आहे की तुम्हाला फुटबॉल आवडत नसताना त्या दिवशी स्टेडियममध्ये का बसवलं, आणि वर बॉलकडे बघायचं नाही असं का सांगितलं. फोनवर मी टाळलं, कारण गोष्ट लांब आहे. आता मी ऑफिस बंद केलं आहे. क्रमाने सांगते.

नागपूरच्या रामदासपेठेत माझं ट्रॅव्हल ऑफिस होतं, हे तुम्हाला माहीत आहे. विमानाची तिकिटं, व्हिसा, हॉटेल ही माझी कामं. मॅचची तिकिटं हे माझं काम नव्हतं. पण तुमच्या शहरात युरोपातल्या एका मोठ्या फुटबॉल स्पर्धेची मॅच होणार होती, माझा मुलगा तिथे राहतो हे बबनरावांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या मते तेवढं पुरेसं होतं. बबनरावांचं मनीषनगरला हार्डवेअरचं दुकान. मेश्रामभाऊ पोस्टातून रिटायर झालेले. तिघेही तरुणपणी सक्करदऱ्याच्या मैदानावर एकाच टीममध्ये खेळलेले. बबनराव फॉरवर्ड, ॲन्थनी सर डिफेन्सला, मेश्रामभाऊ गोलकीपर.

अर्ज ऑनलाइन होता. मी भरायला घेतला. पहिलाच प्रश्न: जागा कुठली हवी?

"मधातली," बबनराव म्हणाले. "पूर्ण ग्राउंड दिसलं पाहिजे."

"गोलच्या मागची," मेश्रामभाऊ म्हणाले.

"गोलच्या मागून काय दिसते गा? जाळी?"

"गोलकीपर दिसते." भाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, टीव्हीवर बॉल जिकडं असते तिकडं कॅमेरा असते. बॉल दुसऱ्या टोकाला गेला का गोलकीपर गायब. मले पाहायचं आहे, तेव्हा तो काय करून राहते. बावीस वर्षं मी गोलमधी उभा होतो. अर्धा टाइम बॉल तिकडंच राहायचा. त्या टायमात मोठे गोलकीपर काय करतात, हे कोणी दाखवत नाही."

"तू काय करायचा ते साऱ्या सक्करदऱ्याले माहीत आहे," बबनराव म्हणाले. "मॅडम, हा खांबाशी बोलायचा."

"गोलच्या खांबाशी?" मी विचारलं.

"त्याच्याशी गप्पा, त्याले थापट्या. एका फायनलमधी हा बोलूनच राह्यला होता आणि बॉल आत गेला."

"माझं बोलून झालं होतं तेव्हा," भाऊ शांतपणे म्हणाले. "बॉल डिफेन्समुळं आत गेला."

ॲन्थनी सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्या फायनलला चाळीसेक वर्षं झाली होती. एवढ्या काळात भाऊंचं लग्न झालं, मुलं मोठी झाली, नोकरी संपली, पण तिघं भेटले की खांबाचा विषय निघायचाच. भाऊ हसून घ्यायचे. पण पासपोर्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काढला होता, आणि तो त्या एका उत्तरासाठी काढला होता, एवढं मला त्या दिवशी कळलं.

जागा गोलच्या मागच्या ठरल्या. आणि इथे माझ्या हातून चूक झाली.

विमानाच्या तिकिटाला एक नंबर असतो, त्याला आम्ही पीएनआर म्हणतो. एका कुटुंबाला मी नेहमी एकच पीएनआर देत असे. सगळे शेजारी बसतात, कागद कमी होतात, फाइल नीट राहते. त्याच शिस्तीत मी या तिघांचाही एकच अर्ज भरला. मुख्य अर्जदार देवीदास मेश्राम, सोबत दोन जण. एक नंबर, एक फाइल. तिकिटं लागली. तिघांनी पेढे आणले.

मग कोविड आला आणि स्पर्धा वर्षभर पुढे गेली. वर्ष संपत आल्यावर ती दोन बटणांची मेल आली. त्यात लिहिलं होतं की स्टेडियममध्ये मोजकीच माणसं घेणार. ज्यांना भीती वाटते त्यांनी तिकिटं परत करावीत. जे ठेवतील त्यांच्यात गरज पडल्यास लॉटरी काढू. आणि शेवटी बारीक अक्षरात: एका अर्जाला एकच उत्तर.

मी अर्ज फोडता येईल का, असं विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की कृपया आपसात चर्चा करावी.

तीच चर्चा माझ्या ऑफिसात चालू होती.

"माझी बायको म्हणते, विमानात बसाल तर परत घरात घेणार नाही," बबनराव म्हणाले.

"तुले यायचं नाही तर नको येऊ. माझी खुर्ची काहून वापस करतं?"

"एकच बटण आहे म्हणून."

"एकच काहून आहे?"

यावर तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चूक कबूल केली. ग्राहकासमोर चूक कबूल करायची माझी पद्धत आहे. त्याने वेळ वाचतो.

"मुदत किती आहे?" ॲन्थनी सर पहिल्यांदाच बोलले.

"दहा दिवस."

"मग आज हाफ टाइम," सर म्हणाले आणि उठले.

पुढचे नऊ दिवस बबनराव रोज सकाळी फोन करून 'रिटर्न' म्हणत, आणि दुपारी मेश्रामभाऊ 'कीप' म्हणत. दहाव्या दिवशी चार वाजता बबनराव स्वतः आले.

"दाबा कीप."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"ते मंग पाहू. वापस केलं तर हा मेश्राम मले मरेपर्यंत ऐकवंल. कोविड तरी चौदा दिवसांत जाते."

मी बटण दाबलं. प्रिंट काढून फाइलला लावली.

लॉटरीत आमचा नंबर टिकला. पण त्याच सुमाराला नागपूरला दुसरी लाट आली. त्याबद्दल मी इथे फार लिहीत नाही. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर पाच हॉस्पिटलं आहेत, आणि त्या महिन्यात मी ऑफिस उघडलं नाही. ॲन्थनी सर त्यातल्याच एका हॉस्पिटलात सतरा दिवस होते. घरी आले तेव्हा त्यांना शिट्टी वाजवण्याइतकाही श्वास नव्हता. हे त्यांचेच शब्द.

मग तुमच्या देशाने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. व्हिसा थांबले. तिकिटं होती, जागा होत्या आणि जाता येत नव्हतं. मॅचला पंधरा दिवस उरले असताना आणखी एक मेल आली: प्रवास अशक्य असल्यास मुख्य अर्जदाराने नावं बदलून द्यावीत, मुदत तीन दिवस. नाहीतर तिकिटं रद्द.

तुमच्या बाबांना मी आधी विचारलं, की त्या जागांवर तुम्ही तिघं बसाल का. तो म्हणाला, "आई, मुलांना फुटबॉलमधलं काही कळत नाही." मी म्हटलं, ते मी ग्राहकाला सांगेन.

मग भाऊंना फोन केला. असे फोन मी तीस वर्षं केले आहेत. फ्लाइट कॅन्सल, व्हिसा रिजेक्ट. नियम असा, की वाईट बातमी पहिल्या वाक्यात सांगायची.

"भाऊ, तुम्हाला जाता येणार नाही. नावं बदलली तर जागा रिकाम्या राहणार नाहीत."

फोनवर त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"कोण बसंल मंग?"

"माझा मुलगा, आणि दोन नातवंडं. अकरा वर्षांची नात, आठ वर्षांचा नातू."

"फुटबॉल समजते का त्याईले?"

"नाही," मी म्हटलं.

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मंग बरं आहे," भाऊ म्हणाले. "समजणारा माणूस बॉलच पाह्यते."

नाव बदलायला त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येणार होता. तो आला. भाऊ एकेक आकडा सांगायला लागले आणि मध्येच थांबले. "पोस्टात जिंदगी गेली लोकांले सांगता सांगता, का ओटीपी कोणाले देऊ नका," ते म्हणाले. मग उरलेले आकडे सांगितले.

इथे माझ्या चुकीचा उपयोग झाला. मोजकी माणसं म्हणून स्टेडियममध्ये प्रत्येक अर्जाच्या जागा एकमेकांपासून लांब ठेवल्या होत्या. पण एका अर्जातली माणसं शेजारीच. तीन वेगळे अर्ज असते तर आठ वर्षांच्या मुलाला बाबांपासून लांब, एकट्याला कोणी बसू दिलं नसतं. मी हे भाऊंना सांगितलं. बबनरावांना मुद्दाम सांगितलं.

ईरा, तुला जी मेल आली ती भाऊंनी सांगितलेली आणि मी इंग्रजीत लिहिलेली होती. तीन सूचना होत्या. बॉलकडे बघायचं नाही. आपल्या पुढच्या गोलकीपरकडे बघायचं, विशेषतः बॉल लांब असताना. जे दिसेल तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. चौथी सूचना नीलसाठी होती, की ताईला त्रास द्यायचा नाही. ती माझी होती.

मॅच आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला होती. बबनरावांच्या हॉलमध्ये खिडक्या उघड्या ठेवून आम्ही चौघं बसलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण ग्राहक प्रवासाला निघाला की तो पोहोचेपर्यंत मी फोन जवळ ठेवत असे. इथे ग्राहक मनीषनगरला होता आणि प्रवास दुसरेच करत होते, तरी सवय तीच. बबनरावांच्या बायकोने तर्री पोहे केले होते. नवरा घरातच राहिला म्हणून त्या खुशीत होत्या.

टीव्हीवर तुम्ही एकदाही दिसला नाहीत. मॅच बिनगोलची सुटली. बबनराव म्हणाले, "यासाठी मी घरदार सोडणार होतो."

तुझा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. वहीची दोन पानं, स्कॅन केलेली. तिघं ऑफिसात आले आणि त्याच अंतराने त्याच खुर्च्यांवर बसले. भाऊ पुन्हा दारात. मी मराठी करून वाचायला लागले.

पहिलं पान पहिल्या हाफचं. "हिरवा शर्ट. बॉल लांब आहे. तो उभा आहे. अजून उभा आहे. पाणी प्यायला. मोजे वर केले. उभा आहे." असं पानभर.

"पाह्य," बबनराव म्हणाले. "मोठे गोलकीपर चूप राहतात."

भाऊंनी मास्क नीट केला.

मी पान उलटलं. हाफ टाइमनंतर टीम बाजू बदलतात, त्यामुळे तुमच्यापुढे आता दुसरा गोलकीपर होता.

"पिवळा शर्ट," मी वाचलं. "बॉल लांब आहे. तो डाव्या खांबाकडे गेला. खांबावर हात मारला. मग खांबाला काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. तिथे दुसरं कोणी नव्हतं. बाबांनाही विचारलं, ते म्हणाले, हो, खांबालाच. बॉल परत लांब गेला. तो परत खांबाकडे गेला. या वेळी जास्त वेळ बोलला. नील म्हणतो, ते मित्र आहेत."



"ते पुन्हा वाचा मॅडम," मेश्रामभाऊ म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"गोल झाला का त्याच्यावर?" भाऊंनी विचारलं. मॅच त्यांनी स्वतः पाहिली होती.

"नाही," बबनराव म्हणाले.

"जोरानं सांग. दारापर्यंत ऐकू येत नाही."

"नाही झाला, गा!"

ॲन्थनी सरांना हसताना खोकला आला, म्हणून त्यांना पाणी दिलं. मग ते म्हणाले की त्या फायनलमध्ये बॉल डिफेन्समुळेच आत गेला होता, आणि डिफेन्सला ते स्वतः होते. बबनरावांनी विचारलं, मग चाळीस वर्षं बोलले का नाही. सर म्हणाले, कोणी विचारलं नाही.

पासपोर्टच्या झेरॉक्ससाठी माझ्याकडे लॅमिनेशनचं मशीन होतं. भाऊंना मी दुसरं पान लॅमिनेट करून दिलं. पहिलंही देत होते, त्यांनी नको म्हटलं. भाऊंना इंग्रजी येत नाही, पण ते पान ते बबनरावांना बोट फिरवत मराठीत वाचून दाखवतात, आणि एक शब्द चुकत नाहीत.

भाऊंच्या पासपोर्टची मुदत अजून बाकी आहे. तुम्ही नागपूरला याल तेव्हा भाऊंना भेटायचं आहे. नील, खांब काय म्हणाला, असं ते तुला विचारणार आहेत. उत्तर तयार ठेव.

यातून मी धंद्यापुरतं एवढंच शिकले: तीन मित्रांचे तीन अर्ज भरावेत, कुटुंब समजून एक भरू नये. आणि आपल्या जागेवर दुसऱ्याला पाठवायची वेळ आलीच, तर ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याला पाठवावं. तो सांगितलं तिकडे बघतो.