सासूबाईंच्या राखणदारामागे मढपर्यंत

मढला जायचं असेल तर हल्ली लोक गाडी काढतात आणि मालाडवरून मोठा वळसा घालून जातात. तसं करू नका. वर्सोव्यावरून होडीनं जा. मी पहिल्यांदा गेले ती तशीच. आता नातीला मी हे सांगायला लागले की ती विचारते, "आजी, तेव्हा तू मढला कशाला गेली होतीस?" तर मी गेले होते एका कॉमिकची शेवटची पानं शोधायला.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. गिरणी सुटली तसे आम्ही परळ सोडून मुलुंडला आलो आणि ह्यांना भांडुपच्या कारखान्यात काम मिळालं. घरात सासूबाई होत्या, मालवणकडच्या. त्यांचा एक डोळा गेलेलाच होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. दिवसभर नुसतं बसून कंटाळायच्या, म्हणून संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवायची. माझी शाळा तिसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी अडखळायची, त्यामुळे पोथीबिथी आपल्याला झेपायची नाही. घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड कॉमिक आणलं होतं. एकाच अंकात पाच गोष्टी. एकात पाणबुड्या, एकात जंगल, एकात चोर-पोलीस, आणखी एक आगबोटीची, आणि शेवटची एका मुखवटेवाल्याची. हा उंच इमारतींवरून उड्या मारतो आणि पाठीवर त्याच्या लांब कापड असतं.

सासूबाईंनी पान डोळ्याशी नेलं आणि हात जोडले. "गो सुमन, हो तर आमचो राखणदार!"

कोकणात गावाची राखण करणारा देव असतो, रात्री खांद्यावर घोंगडी घेऊन शिवेवरून फिरतो. त्यांना त्या कापडाची घोंगडी दिसली. मी म्हटलं, असेल. मला तरी कुठे जास्त कळत होतं.

आता पंचाईत अशी की मुखवटेवाल्याला चोरांनी समुद्राकाठच्या गुहेत साखळीनं बांधलं, पाणी छातीपर्यंत आलं, आणि पुढली पानंच नव्हती. फाटून गेलेली. कोणी शेंगदाणे बांधून दिले असतील त्यात. इकडे डॉक्टरांनी ऑपरेशनला शुक्रवार दिला होता. तेव्हा पावसाळ्यात डोळ्यांची ऑपरेशनं करत नसत. हा शुक्रवार गेला की थेट दिवाळी, आणि तोवर तो डोळाही राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "राखणदार सुटल्याशिवाय मी खय जावचंय नाय." वर गाऱ्हाणंही घातलं, "बा देवा म्हाराजा, जेणी कोणी राखणदाराक बांधून घातला आसात, त्येंची वाट लाव रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्यांनी म्हणायचं असतं तसं ह्यांनी जेवता जेवता सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी डोळे वटारले तेव्हा खाली बघून भात कालवत बसले.

दुसऱ्या दिवशी पोळी-भाजीचा डबा घेऊन मी निघाले.

मुलुंडहून आग्रा रोडनं बस पकडायची. डाव्या बाजूच्या खिडकीत बसू नका, कारखान्यांचा धूर सगळा तोंडावर येतो. घाटकोपरला रद्दीवाल्या शेठनं मला बघून हात हलवला. "बेन, तेचा दुसरा नग होता ना आपल्याकडे! पण अख्खा गठ्ठा पिक्चरवाले उचलून घेऊन गेले."

"पिक्चरवाले वाचतात होय कॉमिक?"

"वाचते कशाला? शूटिंगमध्ये मुलाची खोली दाखवायची. अंधेरीच्या स्टुडिओत बघा."

शेजारी गरम फाफडा तळत होते, तो घेतला. सोबतचा संभारो, म्हणजे कच्च्या पपईचा कीस, मागून घ्यावा लागतो, आपणहून देत नाहीत. तिथून साकीनाक्यावरून अंधेरी. रस्ता खड्ड्यांचा, बस अशी हलते की खाल्लेलं परत वर. स्टुडिओच्या वॉचमननं मला कामवाली समजून आत सोडलं आणि कामवाली नाही कळल्यावर बाहेर काढलं. पण तेवढ्यात सांगून टाकलं की सगळं सामान मढच्या बंगल्यावर गेलंय.

मग वर्सोवा. बसमधून उतरलं की सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासामागे चालत राहायचं, वास बरोबर धक्क्यावर नेतो. सुट्टे पैसे ठेवा, होडीवाला मोडून देत नाही. चढताना चपला हातात घ्या. मी घेतल्या नाहीत, आणि एक चप्पल खाडीत गेली. समोरची कोळीण म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरीपण टाक. एक चप्पल घालून काय लंगडी खेळणार?" मी टाकली. काय हसलो दोघी! होडी पलीकडे लागेपर्यंत हसत होतो.

तर अशी मी अनवाणी त्या बंगल्यात शिरले. जेवणाची सुट्टी झाली होती. नटीचे केस करणारी एक बाई पायरीवर वरणभात खात बसली होती, माझ्याच वयाची. तिला सगळं सांगितलं. ती मला आत घेऊन गेली. मुलाची खोली झकास सजवलेली, पलंगावर कॉमिक उघडं पडलेलं. आपलंच!

मी हात पुढे केला तशी ती ओरडली, "ए, हात नको लावूस! कंटिन्युइटी आहे. सकाळच्या शॉटमध्ये जसं होतं तसंच लागतं, नाहीतर माझी वाट लागेल."

"मग मी वाचू कसं?"

तिनं उघड्या पानावर केसांची पिन लावून खूण केली. "मी उलटते, तू वाच. लवकर मात्र."

लवकर कसलं! एकेक अक्षर लावत मी चालले होते. पाणी गळ्यापर्यंत आलं. मग हनुवटीपर्यंत. मग नाकापर्यंत. शेवटच्या चित्राखाली एकच शब्द होता. मी जुळवला, "क्र-म-श." वाटलं, आला कोणीतरी सोडवायला.

"हा क्रमश कोण गं?"

ती बाई पलंगाचा दांडा धरून हसली. "कोण नाही गं बाई! म्हणजे पुढे चालू. बाकीचं पुढच्या अंकात."

पुढचा अंक त्या खोलीत नव्हता. आम्ही दोघींनी पलंगाखालीसुद्धा बघितलं.

परतीच्या होडीत मी ठरवत होते, घरी काय सांगायचं. सुटला म्हणून सांगावं तर सासूबाई कसा सुटला, कोणी सोडवला, सगळं विचारणार, आणि मला बनवून सांगता येत नाही. घरी पोचल्यावर पाय धुतले आणि आहे ते सांगितलं. पाणी नाकापर्यंत, पुढे चालू.

सासूबाई पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जितो आसा मां?"

"हो. अजून तरी."

"मगे चल, डोळो करून घेवया. पुढचो अंक मी माज्या डोळ्यान बघतलंय. तुजा वाचन लय हळू."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. घरी आल्यावर त्यांनी आधी कॉमिक मागितलं. मुखवटेवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, पान उजेडाला धरून पुन्हा बघितलं.

"गो सुमन, हो आमचो राखणदार न्हय."

"मग कोण?"

"कोण जाणे! ही खयची घोंगडी? आणि ह्येना तर पँटीवरसून चड्डी घातलेली हा!"

मी म्हटलं, चला, सुटलो. कॉमिक रद्दीत टाकायला उचललं, तर त्यांनी माझा हात धरला.

"ठेव थंयच. परको आसलो म्हणान काय झाला? बांधलेलो आसा मां तो."

त्यानंतर पाच-सहा वर्षं त्या होत्या. पुढचा अंक काही मिळाला नाही. रद्दीच्या दुकानात त्या स्वतः खाली बसून गठ्ठे उपसायच्या आणि मी पिशवी धरून उभी राहायची. दुकानदारानं नाही म्हणून मान हलवली की पदरानं चष्मा पुसायच्या आणि उठायच्या. "हय नाय? मगे चल, भांडुपाक बघूया."