जगात, पण शाळेबाहेर

आमच्या मुख्याध्यापिका कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आल्या आणि बोरिवलीतल्या आमच्या शाळेत जागतिक जाणीव आली. दर शुक्रवारी शेवटचा तास चिंतनाचा. मुलांना छापील वह्या दिल्या. वरती प्रश्न, खाली रेघा. आठवीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला, कारण मी मराठी शिकवते आणि मराठीचे तास कुणालाही कधीही कापता येतात.

पहिला प्रश्न होता, 'जगात तुम्हांला कुठे अन्याय दिसतो? तुम्ही त्याबद्दल काय कराल?'

मुलं तयारीची. कुणी ध्रुवावरच्या अस्वलांसाठी रडलं, कुणी लांबच्या युद्धासाठी. एकाने सगळी पृथ्वीच वाचवली, तीही सहा ओळींत. मी झकास म्हणत सह्या ठोकत होते.

दहिसरहून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, 'आपल्या शाळेत. टीचर लोक लिफ्टने जातात. सफाईच्या मावशी पाण्याच्या बादल्या घेऊन चार मजले जिना चढतात. त्यांचे गुडघे दुखतात. मी मोठ्या मॅडमना विचारणार.'

मी शेरा दिला, 'विषयाला धरून लिहावे.'

मुलगी खरंच जाऊन विचारून आली. अर्ध्या तासात मला बोलावणं.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"मॅडम, प्रश्न वहीतला आहे."

"प्रश्नात 'जगात' म्हटलंय ना? मग शाळेत कशाला शोधायचं?"

मी "हो मॅडम" म्हटलं. माझं हे उत्तर नेहमी तयार असतं. पुढच्या शुक्रवारी मीच फळ्यावर 'जगात'च्या पुढे कंसात 'भारताबाहेर' असं लिहिलं.

"टीचर, बोरिवली जगात येत नाही का?" त्या मुलीने विचारलं. वर्ग खिदळला. मी तिला गप्प बसवलं.

पण तक्रार झाली होती, म्हणजे कारवाई हवीच. सोमवारी लिफ्टच्या दारावर सूचना लागली: 'बादल्या नेण्यासाठी लिफ्ट वापरता येईल.' मावशींचा उल्लेख नव्हता. शिपायाने अर्थ समजावून सांगितला. बादली लिफ्टने, मावशी जिन्याने.

महिनाभर हे चाललं. मावशी बादली आत ठेवायच्या, बटण दाबायच्या आणि कमरेवर हात ठेवून जिना चढायला लागायच्या. बादली वर पोचून वाट बघत बसायची. आम्ही शिक्षक तिच्यासाठी सरकून जागा करून द्यायचो.

मग आमचा उपक्रम बघायला बाहेरच्या पाहुण्या आल्या. मुख्याध्यापिका त्यांना लिफ्टने वर नेत होत्या. फाइल धरायला मी होते. दार बंद होणार इतक्यात मावशी बादलीसकट आत शिरल्या. मुख्याध्यापिकांच्या भुवया वर गेल्या.

"मावशी, सूचना वाचली नाही का?"

मावशी मालवणच्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाचलंय तर. पण बादली एकटी भियाता, म्हणान मी तिच्या सोबतीक इलंय."

पाहुण्या खो खो हसल्या. त्या हसल्या म्हणून मुख्याध्यापिकांनाही हसावं लागलं. "आमच्याकडे सगळे असे घरच्यासारखे," त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी लगेच वहीत काहीतरी टिपून घेतलं.

त्या दिवसापासून मावशी लिफ्टनेच येतात. कुणी अडवत नाही, कुणी परवानगीही दिलेली नाही. सूचना अजून दारावर आहे.

आणि मी? मी तेव्हा कोपऱ्यात उभी होते, फाइल छातीशी धरून. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वर बघत मजल्यांचे आकडे वाचत राहिले.