सलवार जाड होती म्हणे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखीच्यांना सांगायला अजूनही धीर कमी पडतोय, म्हणून?

देवासला एका नर्सिंग कॉलेजात मी शरीररचना शिकवते. माझी पद्धत मुलींना फार आवडते. पुस्तक मिटायचं, स्वतःच्या अंगावर हाड चाचपायचं आणि त्याचं नाव मोठ्यानं म्हणायचं. हातावर बॉलपेननं शिरा काढायच्या. दुसऱ्या दिवशी तेच कोऱ्या कागदावर, न बघता. मग मैत्रिणीला शिकवायचं — तिला कळलं, तरच आपल्याला आलं. पोरी याला ‘मैडम का तरीका’ म्हणतात आणि मी खुशाल ऐकून घेते.

तो तरीका कमलाचा आहे.

कमला गंधवानी गावची. धारला नर्सिंगला आम्ही एका वर्गात होतो. ती वसतिगृहात राहायची, पण अभ्यासाला रोज आमच्या घरी. आई तिला माझ्याआधी पोहे वाढायची. इंग्रजी पुस्तक तिला जड जाई, ते मी हिंदीतून सांगायची. पाठ कसं करायचं, हे मात्र मी तिच्याकडूनच शिकले.

एकदा तिनं विचारलं, पायाकडे जाणारी मोठी धमनी कुठं हाताला लागते? मी सांगितलं, ‘जांघ में.’ आमच्या मराठी घरात जांघ म्हणजे पोट आणि मांडी जुळतात ती जागा. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी. बोलताना माझ्या हे ध्यानातच आलं नाही. इथवर ती साधी चूक होती — इथवरच.

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी कमला आमच्या ओसरीवर उजळणी करत होती. तिनं मांडीच्या मधोमध दोन बोटं दाबली, थांबली, पुन्हा दाबली.

“धड़कन तो आ नी री,” ती म्हणाली.

मला लख्ख कळलं, घोटाळा कुठं झालाय ते. आणि त्याच क्षणी आठवलं, की पहिली येईल तिलाच इंदूरला पुढच्या शिक्षणाला पाठवणार होते. आम्ही दोघी अगदी बरोबरीत होतो. मी काय म्हटलं असेल?

“सलवार मोटी है ना. आगे बोल.”

ती पुढं बोलू लागली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. कमलानं ठामपणे मांडीवर बोट ठेवलं. निकालात ती माझ्या थोडीशीच मागे राहिली. मला वाटलं, भांडेल. ती हसत सुटली. “तेरी मराठी ने मरवा दिया मेरेको!” म्हणाली, आणि आईच्या हातचे पेढे खाऊन गावी गेली. मीही हसले. भाषेचाच घोटाळा, असं आजही आमच्या घरी कौतुकानं सांगतात. मी ते कधी खोडलेलं नाही.

ती गंधवानीच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीला तिचा फोन येतो, आधी आईची चौकशी करते.

दरवर्षी वर्गात हा धडा येतो. एखादी मुलगी मांडीवर बोटं दाबून म्हणते, “मैडम, नी आ री.” मी तिचा हात वीतभर वर सरकवते. ठोके लागतात. जाड सलवारीवरूनही नीट लागतात.

तेव्हाही मला हे माहीत होतं.