बर्फातल्या शहरात वस्ती बघून घर

कन्नडहून संभाजीनगरला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी, खिडकीला, एक गृहस्थ बसले होते. मोबाइल आरशासारखा तोंडासमोर धरून ते कॅनडातल्या मुलासाठी उपनगर निवडत होते. स्वतः कन्नडच्या घाटापलीकडं फारसे गेले नसावेत. मुलानं बर्फाचं नाव काढलं की ते खिडकीची काच ओढून घेत. बाहेर मार्चचं ऊन होतं आणि आत आम्ही शिजत होतो.

“स्टेशनजवळ नको, बापू. तिथं कसलेबी लोक राहतेत. वस्ती बघून घर घ्यावं.”

“आप्पा, चांगल्या वस्तीत खोली मिळत होती,” स्पीकरवर मुलगा म्हणाला. “पण मालकिणीनं कुठल्या देशाचा ते विचारलं, अन् मग म्हणाली, खोली गेली. जाहिरात अजून तशीच आहे.”

त्यांनी काच धाडकन उघडली. “भाड्याशी मतलब ठेव म्हणावं! माणूस कुठला, कोणाचा, हे कशाला पाहिजे? माणसाला माणूस म्हणून बघायला नको का?”

अर्ध्या एसटीनं माना डोलावल्या. मीही डोलावली.

फोन ठेवून त्यांनी माझी चौकशी केली. संभाजीनगरला नोकरी लागलीय, खोली शोधायला चाललोय, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला.

“मग हिंडता कशाला? संभाजीनगरातच आमचं घर हाये, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच हायेत. वस्ती लई चांगली.”

एवढं बोलून त्यांनी काच हळूच ओढून घेतली आणि फार मायेनं विचारलं, “आडनाव काय म्हणालात?”

मी अजून काहीच म्हणालो नव्हतो.