खोक्याच्या लाकडाची गिटार

लाकडाची विचारपूस केल्याशिवाय त्यावर बूड न टेकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आक्काच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात सुतार होते. लग्नाच्या पंगतीत सगळे पाटावर बसले तरी हे आपला पाट कानाशी धरून बोटाने टकटक करत उभे. नापसंत पडला तर शेजारच्याला खुशाल उठवून त्याचा पाट घेत. एकदा तो शेजारी नवरदेवाचा मामा निघाला. मामा रुसला, पंगत खोळंबली, आणि समजूत काढायला गेली आक्का. दाजी तोवर नव्या पाटावर मांडी घालून वाढप्यांची वाट बघत होते.

लाकडाखालोखाल त्यांचा जीव रेडिओवर. संध्याकाळी नवराबायको शेजारी बसून गाणी ऐकत. पहिल्या सुरालाच आक्का गाणं ओळखायची आणि दाजींना चिडवायची. मग बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. दाजींनी रेडिओवर टॉवेल टाकला. मी एकदा लावायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मेव्हणं. एकल्यानं काय ऐकायचं?"

पुढे नगरला एक ऑर्केस्ट्रा आला. आक्काला काही ऐकू येणार नव्हतं, तरी दाजी तिला घेऊन गेले. असला उफराटा बेत त्यांनाच सुचायचा. इलेक्ट्रिक गिटार सुरू झाली तशी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसलेली आक्का एकदम मोठ्याने म्हणाली, "आवो, ही खुर्ची वाजतीया." दाजींनी गिटार करायची ठरवली ती तिथेच.

लाकूड निवडलं पाइनचं. कारखान्यात परदेशी यंत्र आलं होतं, त्याची फुटलेली खोकी पडून होती. दाजींनी फळी न फळी वाजवून पाहिली. बाकीचे सुतार हसले. नख लागलं तरी खूण उठते असल्या लाकडात कोणी वाद्य करतं का? "सागवान लई घट्ट," दाजी म्हणाले, "हाताला काय सांगनार न्हाई. ह्ये नुसतं थरथरतंय." मग टॉवेल निघाला, रेडिओचं पोट उघडलं, आणि गिटारची वायर त्यात गेली.

गळीत हंगामाला बॉयलर पेटवण्याच्या पूजेत त्यांनी ती पहिल्यांदा चारचौघांत वाजवली. जागा नेमकी बॉयलरपाशी मिळाली. त्या धगीने पाइनमधली राळ पाझरली. वादन संपवून दाजी चेअरमनना नमस्कार करायला उठले, तर दोन्ही हात जोडलेले आणि गिटार सदऱ्याला चिकटून छातीवर तशीच. आक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आजारपणानंतर तिला तसं हसताना मी प्रथमच पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

मग रोज संध्याकाळी दाजी बाजेवर बसून वाजवत आणि आक्का शेजारी बसून गिटारच्या वरच्या कडेवर मनगट टेकवून असे. वाजवणाऱ्याचा हात टेकतो तीच ती जागा. तिला ती मिळावी म्हणून दाजी स्वतःचा हात अधांतरी धरत. त्यामुळे सूर हमखास चुकत. "आज कालच्यावानी न्हाई लागलं," आक्का म्हणायची, आणि दाजी खूश होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

दोन वर्षांनी आक्का गेली. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा गिटार हातात घेऊन पाहिली. वरच्या कडेला बारीक, बाकदार खळगे पडले होते. मी म्हटलं, "दाजी, नगरला नेतो. घासून छान पॉलिश करून आणतो."

त्यांनी गिटार माझ्या हातातून काढून घेतली.

"तिच्या काकनांच्या खुना हायेत त्या," ते म्हणाले. "सागवान आसतं तर एक उठली नसती."

बहिणीची इतकी आठवण मला तिच्या फोटोसमोरही आली नव्हती. दाजी बाजेवर बसले, शेजारची जागा मोकळी ठेवून. त्यांनी वाजवायला घेतलं. हात तसाच अधांतरी होता, आणि सूर चुकत होते.