फाटकावरचा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड फाटकावर लिहून ठेवलेलं आमचं घर निर्मळ गावातलं एकमेव असावं. फलक अजून जागेवर आहे. पासवर्ड तेवढा चालत नाही.

तो फलक मी स्वतः रंगवला. आमच्या आळीत केळीच्या वाड्या, त्यात माड, आणि त्यांच्या मधेमधे घरं. मोबाईलची रेंज या सगळ्यातून वाट काढत आमच्यापर्यंत पोचते तेव्हा ती दमलेली असते. मी निवेदनं दिली, स्मरणपत्रं दिली, स्मरणपत्रांची आठवण करून देणारी पत्रंही दिली. कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी ‘यंत्रणा झोपली, जनता जागी आहे’ अशा मथळ्याचं पत्रक काढलं आणि घरचं वायफाय जनतेला खुलं केलं. फाटकावर लाल ऑइलपेंटने लिहिलं: ‘इंटरनेट हा प्रत्येकाचा हक्क आहे’. त्याखाली पासवर्ड. पासवर्डसुद्धा घोषणाच होती: संघटितव्हा, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत. (आईने विचारलं, बिल कोण भरतं? मी म्हटलं, प्रश्न बिलाचा नाही, तत्त्वाचा आहे. बिल पप्पा भरतात.)

प्रतिसाद जबरदस्त मिळाला. संध्याकाळ झाली की आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर माणसं येऊन बसायला लागली. भिंत कमी पडली तेव्हा पायरीवर. मी याला वाढता जनाधार समजत होते.

आता पप्पांविषयी. पप्पा क्रिकेटचे समालोचक. टीव्हीवरचे नव्हेत, मैदानावरचे. नोकरी पोस्टात केली, पण ओळख माइकची. वसई-विरारमध्ये जिथे टेनिस बॉलची टुर्नामेंट, तिथे मंडपात एक टेबल, टेबलावर माइक आणि माइकमागे पप्पा. साधी चोरटी धावसुद्धा ते अशी सांगायचे की मैदानाबाहेर भजी तळणारा झारा हातात धरून थांबायचा आणि भजी करपायची. मग घशाचं ऑपरेशन झालं. पप्पा वाचले, आवाज गेला. आता ते बोलतात तेव्हा पोत्यातून तांदूळ सांडावेत तसं काहीतरी ऐकू येतं, आणि तेही शेजारी बसलं तरच. जुन्या व्हिडिओतला त्यांचा आवाज कुणी मोबाईलवर लावला की ते काही न बोलता उठायचे आणि वाडीत पाणी सोडायला जायचे. तेव्हापासून आमच्या केळींना गरजेपेक्षा जास्त पाणी मिळत आलंय.

अशात शेजारच्या नंदाखाल गावातल्या एका नवरा-बायकोचा फोन आला. ते राहत्या घरातल्या एका खोलीतून इंटरनेट रेडिओ चालवतात. त्यांना कुणाच्या तरी माळ्यावर एक कॅसेट सापडली होती. निर्मळ विरुद्ध नंदाखाल, खूप जुनी फायनल, कुणीतरी कर्ण्यासमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेली. आवाज पप्पांचा. दोन आठवड्यांनी रविवारी संध्याकाळी लावू का, असं ते विचारत होते.

आईने हे पप्पांना भीतभीतच सांगितलं. मी दाराशी उभी होते, ते उठून वाडीकडे निघाले तर वाट अडवायची या तयारीत. पप्पा जागचे हलले नाहीत.

“रेडिओवर लागणार असेल तर बसतो ऐकायला,” ते म्हणाले. “मोबाईलवर लावतात ते माझ्यासाठी लावतात. रेडिओ सगळ्यांसाठी असतो.”

बास. मी त्याच दिवशी विरारला जाऊन वायफायवर चालणारा स्पीकर आणला. पप्पा एकदाच बसणार होते. त्यात काही खरखरलं, अडकलं, तर ते उठणार होते आणि पुन्हा कधी बसणार नव्हते. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणी बोलत नव्हतं.

स्पीकर पहिल्या संध्याकाळीच अडकला. नंदाखालच्या रेडिओवर तेव्हा पाककृती सांगत होते. बाई म्हणाली, “आता यात घाला...” आणि स्पीकर मौनात गेला. आई कढईसमोर डाव धरून उभी. बऱ्याच वेळाने स्पीकर बोलला, “...आणि गार होऊ द्या.” मधे काय घालायचं होतं ते आईला कळलं नाही. त्या रात्री आम्ही काय जेवलो ते आम्हालाही कळलं नाही.

मी शास्त्रशुद्ध उपाय सुरू केले. स्पीकर बंद करून चालू केला. फडताळावरून फ्रिजवर ठेवला, फ्रिजवरून खिडकीत. राउटर शिडीवर चढवला आणि शिडी बैठकीच्या मधोमध उभी केली (पाहुणे तिला वळसा घालून बसायचे). वायरीला लागतात म्हणून केळीची पानं कापली. काही उपयोग नाही. सकाळी स्पीकर शहाण्यासारखा वागायचा आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकं कार्यक्रमाच्या वेळी, दर दोन वाक्यांनी दम खायचा.

केबलवाला सुधीर आला. त्याने वायर बदलली, डबी बदलली, फोनवर आकडे दाखवले. मग म्हणाला, “ताई, लाइनवर किती जण आहेत?”

“सगळे,” मी म्हटलं. “आणि जनतेकडे बोट दाखवून जबाबदारी झटकू नका.”

त्याने हात जोडले आणि गेला. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं: ‘केबलवाल्याच्या मनमानी कारभाराचा जाहीर निषेध. तात्काळ खुलासा करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ तात्काळ म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. खुलासा आला नाही. संध्याकाळी आम्ही नाक्यावरच्या त्याच्या ऑफिसवर मोर्चा नेला.

अख्खी आळी आली. पप्पांचं नाव घेतल्यावर न येणारा आळीत कोणी नाही. पुढे इनासकाका आणि वसंतकाका. हे दोघे म्हणजे त्याच फायनलमधले. इनासकाका तेव्हा नंदाखालचे फलंदाज, आता आमच्याच आळीत राहतात. वसंतकाका निर्मळचे बॉलर. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि दुसऱ्या धावेला इनासकाका रनआउट झाले की नाही यावर दोघांचं तेव्हापासून भांडण आहे. अंपायर भांडणाच्या भीतीने घरी निघून गेला होता. कप सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असतो. आता कॅसेटवर खरं काय ते बाहेर येणार म्हणून दोघेही तावातावाने घोषणा देत होते.

मोर्च्याहून परतले तर आई खूश. पाककृतींचा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळाला, एकदाही अडकला नाही, वड्याही जमल्या. मला भरून आलं. इतका झटपट विजय मला आजवर मिळाला नव्हता. (कुठलाच विजय मिळाला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.) लगेच आमच्या अंगणात विजयसभा घेतली. आळी जमली, मी दोन शब्द बोलले आणि पुरावा म्हणून स्पीकर लावला.

तो तिसऱ्या वाक्याला अडकला.

दिलेला शब्द तासाभरात फिरवणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते दुसऱ्या पत्रकात आहे. सुधीरने शब्द दिलाच नव्हता, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. या वेळी मोर्चा नाही, ठिय्या. नाक्यावर रेंज उत्तम असल्यामुळे आंदोलक फार शांततेत बसले, मान खाली घालून, मोबाईलमध्ये. आणि घरी स्पीकर पुन्हा सुरळीत. परतलो, सगळे भिंतीवर येऊन टेकले, स्पीकर पुन्हा बंद.

“तुम्ही गेलात की वाजतो,” आई म्हणाली. “आलात की अडकतो.”

मी तिला दबावाचं राजकारण समजावून सांगितलं.

“असेल,” ती म्हणाली. “मग रविवारी सगळ्यांना नाक्यावरच बसव.”

रविवारी अर्थातच सगळे आमच्या अंगणात होते. खुर्च्या मांडल्या, चटया घातल्या. सुधीरसुद्धा आला. फाटकाशी चप्पल काढून, अपराधी चेहऱ्याने उभा राहिला. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसले, टुर्नामेंटला बसायचे तसे ताठ.

खरखर झाली, आणि अंगणात पप्पांचा आवाज आला.

त्या आवाजाचं मी काय सांगू? मी तो विसरले होते, हे मला तो ऐकल्यावर कळलं. “मंडळी,” तो म्हणाला, “मैदानात इतकी शांतता आहे की पलीकडच्या वाडीतला पंप मला इथून ऐकू येतोय.” आईने पदर तोंडाला लावला. पप्पा खाली जमिनीकडे बघत होते, पण उठले नाहीत. गुडघ्यावर त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ते चेंडू मोजत होते.

शेवटची ओव्हर लागली आणि स्पीकर अडकला. सुटला. पुन्हा अडकला. “इनास असा उभा आहे जणू...” आणि शांतता. इनासकाका कसे उभे होते ते कुणालाच कळलं नाही. पप्पांचा अंगठा थांबला. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात टेकला. उठायच्या आधी माणूस टेकतो तसा.

त्याच वेळी इनासकाका माझ्या कानाशी कौतुकाने म्हणाले, “दर्शू, तुझ्या फाटकातून आत आलं ना, की फोन आपोआप वायफायला लागतो बघ. घरच्यासारखं.”

मी अंगणाकडे बघितलं. प्रत्येकाच्या हातात फोन. कोणी या ऐतिहासिक क्षणाचं थेट प्रक्षेपण करत होतं, कोणी आधीचा भाग भावकीत पाठवत होतं. वसंतकाकांनी पुण्याच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावून फोन स्पीकरसमोर धरला होता, तिलाही रेडिओ ऐकू यावा म्हणून. ‘आलात की अडकतो’ हे आईचं वाक्य मला आता समजलं. दोन पत्रकं, एक मोर्चा आणि एक ठिय्या झाल्यावर.

मी सगळ्यांना फोन बंद करायची विनंती केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. “माझा बंदच आहे,” वसंतकाका म्हणाले, लेकीला धरून.

खरं कारण सांगणं शक्य नव्हतं. सुधीर फाटकाशी उभा होता, आणि त्याच्या पाठीमागे माझा फलक. मी स्वयंपाकघरात गेले, राउटरचं ॲप उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जनतेचा हक्क हिरावून घेतला. पासवर्ड बदलला. पटकन जे सुचलं ते टाकलं.

बाहेर एकदम कुजबुज झाली, नेट गेलं, नेट गेलं. आणि पप्पांचा आवाज मात्र लख्ख! एकही अडथळा नाही. वसंतकाका बॉल हातात घेऊन मागे चालले आहेत, शर्टाला पुसताहेत, दोन धावा हव्यात, एक चेंडू उरलाय. मी दारात उभी राहून विजयी मुद्रेने ऐकत होते. स्पीकर पोटात साठवलेलं तेवढं वाजवतोय आणि त्यालाही आता नवा पासवर्ड लागणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“वसंत धावत निघालाय...” पप्पांचा आवाज म्हणाला, आणि स्पीकर कायमचा गप्प झाला.

मी पप्पांकडे बघू शकत नव्हते. पलीकडच्या वाडीत खरोखरच पंप चालू होता.

मग पोत्यातून तांदूळ सांडायला लागले.

“वसंत धावत निघालाय,” पप्पा म्हणाले. सगळी आळी पुढे झुकली. मागच्यांनी खुर्च्या उचलून आणल्या, आवाज न करता. “बॉल टाकला. इनासने मारला, उंच नाही, जमिनीलगत. एक धाव पूर्ण. दुसरीसाठी इनास वळलाय. थ्रो आलाय. वसंतने पकडून पलीकडच्या स्टंपांवर फेकलाय. इनासने झेप घेतलीय...” पप्पांना दम लागला. इनासकाका आणि वसंतकाका एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ऐकत होते. “आणि धूळ. मंडळी, धूळ इतकी उडालीय की मला काहीच दिसत नाही. धूळ बसू द्या. मग सांगतो.”

पप्पा थांबले. पुढे काही नव्हतं. त्या दिवशीही त्यांना दिसलं नव्हतं.

अंगणात सगळे धूळ बसायची वाट बघत होते. मग फाटकाशी सुधीर हळूच म्हणाला, “सॉरी काका. मी लाइन बघतो,” आणि चप्पल घालायला वाकला. त्याला बघताच इनासकाकांना वाचा फुटली. त्यांनी मीच शिकवलेली मूठ वर केली.

“केबलवाल्याची मनमानी...”

“नहीं चलेगी, नहीं चलेगी,” आळी म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

माणसं पांगल्यावर मी खुर्च्या उचलत होते. पप्पांनी जवळ बोलावलं. पुन्हा लावतील का, असं विचारलं. नंदाखालला फोन करते, म्हटलं. उभा जन्म गेला तरी लावायला लावते.

“मग स्पीकरला आधी पासवर्ड दे,” ते म्हणाले. “काय ठेवलायस नवा?”

त्यांना कधी कळलं, देव जाणे. मी फाटकाकडे बघितलं, लाल अक्षरं दिसत होती. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांच्याइतक्याच बारीक आवाजात सांगितलं: “आपापलंबघा. मध्ये जागा न सोडता.”