बाईंनी मागितलेले पान

डॉ. मालती पागनीस यांना मी पहिल्यांदा पाहिले ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या कॉलेजात, एम.ए.च्या वर्गात. बाई आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवत. पहिल्याच चाचणीत मी लिहिले होते, ‘नियम सैल केले की परकीय भांडवल येते आणि माल स्वस्त होतो.’ बाईंनी समासात विचारले, ‘कोणासाठी स्वस्त?’ गुण चांगले पडले होते, म्हणून मी त्या प्रश्नाकडे लक्ष दिले नाही.

पुढे मी एका सल्लागार संस्थेत नोकरीला लागलो. ग्वाल्हेरपासून तासाभरावर एक परदेशी कंपनी रंगरसायनांचा कारखाना काढणार होती. तिच्या पर्यावरण अहवालाचा हिंदी सारांश माझ्याकडे आला. गावकऱ्यांच्या हाती तेवढाच पडणार होता. मूळ इंग्रजीत भूजलावर एक पान होते : सांडपाणी मुरले तर विहिरी कायमच्या निकामी होऊ शकतात. “हे नको,” असे वरिष्ठांनी सांगितले. मी ते गाळले.

जनसुनावणी गावच्या शाळेच्या मैदानात झाली. नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई ग्वाल्हेरातल्या शिंदे की छावनी भागातल्या घरून आधी टेम्पो-रिक्षा, मग बस करून आल्या होत्या, दोन्ही अहवाल वाचून. माइक हातात घेऊन त्यांनी शांतपणे विचारले, “अंग्रेज़ी में भूजल का जो पन्ना है, वह हिंदी में कहाँ गया?” मंचावरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. संस्थेतर्फे मीही तिथे होतो; बाईंची नजर क्षणभर माझ्यावर थांबली. त्यांनी माझे नाव घेतले नाही.

पान कुणी दिले नाही. मंजुरी मात्र मिळाली.

काही वर्षांतच विहिरींना तांबूस पाणी आले. “मैडम, भैंस भी मुँह नहीं लगाती,” असे गावातल्या रामकली नावाच्या शेतकरी महिलेने बाईंना सांगितले. सरकार नियम कडक करू लागले, तेव्हा कंपनीने दोन देशांमधल्या गुंतवणूक करारावर बोट ठेवले : नियम बदललात तर परदेशी लवादापुढे भरपाई मागू. नव्या नियमांची फाइल तिथेच थांबली. बाई एका सभेत म्हणाल्या, “दाद मागायला कंपनीला परदेशात जागा आहे. रामकलीला तहसीलमध्येही नाही.”

ते ऐकून मी बाईंच्या घरी गेलो.

“बाई, ते पान मी गाळलं.”

“माहीत आहे. इतके पेपर तपासले तुझे, तुझं वाक्य ओळखणार नाही का?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“सगळे तुझ्यावर तुटून पडले असते आणि कंपनी सुटली असती. आता गावकरी कोर्टात जाताहेत. तिथे सांगशील?”

मी शपथपत्र दिले आणि नोकरी गेली. त्या उन्हाळ्यात प्रत्येक तारखेला बाई माझ्या शेजारी बाकावर बसून असत. पोळीभाजीचा डबा दोघांपुरता आणत. माझ्या आईला त्यांनी स्वतः फोन केला, “तुमच्या मुलाने आज खरं सांगितलंय. त्याला रागावू नका.” आई रागावली नाही, पण ती रडत असल्याचे मला फोनवर ऐकू आले.

आम्ही जिंकलो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. कंपनी आपला हिस्सा विकून निघून गेली. नवे मालक म्हणतात, जुन्याची जबाबदारी आमच्यावर नाही. खटला चालू आहे. रामकली गेल्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या. आजार पाण्यामुळे झाला, असे कोणत्याही डॉक्टरने लिहून दिले नाही. त्यांच्या तेराव्याला बाई अंगणात एका बाजूला बसून होत्या.

तरी दर महिन्याला बाटल्या घेऊन त्या जातात, पाण्याचे नमुने भरतात, तपासणीचा कागद गावकऱ्यांना हिंदीत वाचून दाखवतात. त्यातले एक अक्षरही गाळत नाहीत.

बाईंवरच्या या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला गेलो तेव्हा बाई चिडल्या. “सत्कार कशाचा? पाणी अजून तसंच आहे ना?” मी घरी येऊन हा लेख लिहायला घेतला.

आज बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची नजर अशीच वाचती राहो, गुडघे बसच्या पायऱ्या चढत राहोत. आणि शंभराव्या वाढदिवशी त्यांना त्याच गावातल्या विहिरीचे पाणी निर्धास्तपणे पिता यावे.